जुम्मापट्टीपासून चालत

आप्पा आमच्या जुईनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले आणि आठ दिवसांत घरातले सगळे नळ उघडेनासे झाले. जाता-येता ते प्रत्येक नळ इतका आवळून ठेवत की सकाळी दात घासायला गेलेली मी बेसिनपाशी नुसती झटत बसायची. मग नवऱ्याला हाक. मग त्याने टॉवेल गुंडाळून जोर लावायचा, आतलं वायसर कापलं जायचं आणि नळ गळायला लागायचा. नळ गळतोय म्हटल्यावर आप्पा तो आणखी आवळायचे. महिन्यात प्लंबर तीनदा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा कोणी बस न म्हणता सोफ्यावर बसला आणि चहा किती वेळात होईल ते विचारू लागला.

आप्पा म्हणजे माझे वडील. एकतीस वर्षं त्यांनी नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीवर ब्रेकमनचं काम केलं होतं. डोंगराला वळसे घालत जाणारी ती गाडी सगळ्यांना माहीत असते. घराघरांतल्या आल्बममध्ये तिचे फोटो असतात. पण फोटोत दोन डब्यांच्या मध्ये उभा असलेला माणूस कोणी बघत नाही. त्याच्या पुढ्यात एक लोखंडी चाक असतं. इंजिनाची शिट्टी झाली की ते फिरवून ब्रेक आवळायचा, दुसऱ्या तऱ्हेची शिट्टी झाली की सैल करायचा. सगळ्या ब्रेकमननी एकदम. चढताना फारसं काम नसतं, खरं काम उतरताना. वाफेची इंजिनं गेली, डिझेलची आली, पण आप्पांचं चाक काही बदललं नाही. त्यांचे तळहात इतके टणक झाले होते की लहानपणी मी त्यांवर पेन्सिलीने गिरवत असे आणि त्यांना कळतही नसे.

घरी आल्यावर हा माणूस बसत नसे. जेवायलासुद्धा एक गुडघा उभा, आत्ता उठायचंय असा. आई म्हणायची, "टेका हो जरा." ते टेकायचे आणि दोन मिनिटांत दाराची कडी तपासायला उठायचे. मला त्यांचा राग यायचा. आता कळतं की मीही तशीच आहे. ऑफिसात मी डबा उभ्याने खाते, टाइपरायटरवर कागद चढवेपर्यंत माझा पाय टेबलाखाली हलत असतो. बेलापूरच्या त्या ऑफिसात माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे.

आप्पा निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत आई गेली. शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलात तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "ह्यांना एकटं ठेवू नको." मी हो म्हटलं. आईचे दिवस झाल्यावर आप्पांना नेरळच्या घरामागे विहिरीपाशी चक्कर आली. शेजारणीने पाहिलं म्हणून बरं, नाहीतर कठड्यावर डोकं आपटलं असतं. डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशर आहे, एकटं राहणं बरं नाही. त्या आठवड्यात मी रजा टाकली, त्यांची एक पत्र्याची पेटी भरली आणि त्यांना घेऊन आले. निघताना त्यांनी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. मला वाटलं, चला, सुटला प्रश्न. असे प्रश्न पटकन सुटले की मला फार बरं वाटतं.

जुईनगर तेव्हा नवंकोरं होतं. स्टेशन भलंमोठं आणि त्यात माणसं तुरळक. रस्ते रुंद, त्यांच्या कडेला हातभर उंचीची झाडं. खिडकीतून पलीकडे डोंगर दिसायचा, पण तो खाणींनी पोखरलेला. दुपारी तिथे सुरुंग उडायचे आणि खिडकीच्या काचा थरथरायच्या. आप्पा दर दुपारी खिडकीत उभे राहून वाट बघायचे. सुरुंग उडाला की म्हणायचे, "अजून येक गेला." कोण गेला, काय गेला, मी विचारलं नाही. बाकी दिवसभर ते हॉल ते किचन, किचन ते गॅलरी असे फिरायचे. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती, तिला वाटायचं आजोबा खेळतायत. ती त्यांच्या मागे मागे फिरायची.

मग टाकीचा प्रकार झाला. आमच्या विंगच्या गच्चीवर पाण्याची टाकी, तिच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकायचं. एके संध्याकाळी आप्पा गच्चीवर गेले आणि त्यांनी तो व्हॉल्व्ह आवळला. दुसऱ्या दिवशी सकाळी सोळाच्या सोळा घरांत पाणी नाही. वॉचमनने जोर लावला, पहिल्या मजल्यावरच्या पैलवान मुलाने जोर लावला, व्हॉल्व्ह हलेना. शेवटी दिघ्याहून एक माणूस हातभर लांब पाना घेऊन आला. घाम पुसत म्हणाला, "कुणी आवळलाय हा? माणूसच होता ना?"

सोसायटीचे सेक्रेटरी बनियनवर आमच्या दारात उभे. एका हातात रिकामी बादली, जणू पुरावा. "मॅडम, तुमच्या फादरना जरा सांगा. अख्ख्या विंगला टेन्शन झालंय. माझी मिसेस अंघोळीशिवाय ऑफिसला गेली." मी सॉरी म्हटलं. दार लावलं आणि आप्पांवर फुटले.

"तुम्हाला एका जागी बसायला काय होतं? आयतं जेवण, आयता चहा, टीव्ही आहे, नात आहे. काय कमी आहे इथं?"

"कमी काय नाय," आप्पा म्हणाले. "टपकत व्हतं, म्हून बंद केलं."

"मग करूच नका काही! नुसतं बसा!"

ते बसले. खुर्चीत, हात मांडीवर उताणे ठेवून. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हाही तसेच बसलेले होते. मुलगी म्हणाली, "आई, आजोबा आज खेळत नाहीत." मला स्वतःची लाज वाटली. पण खरं सांगायचं तर घरात दिवसभर नळ कोणी आवळला नव्हता, त्याचं बरंही वाटलं.

नवरा माझ्यापेक्षा शांत. तुर्भ्याच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करून त्याला कुठल्याच गोष्टीची घाई उरलेली नव्हती. तो म्हणाला, "त्यांना गाडीची आठवण येत असेल. एकदा माथेरानला घेऊन जा. तिकीट काढून, ऐटीत बसवून. एकतीस वर्षं उभ्याने गेले, एकदा बसून जाऊ देत. मन भरलं की रमतील इथं." मला ते एकदम पटलं. उपाय सापडला की मी तो लगेच करून टाकते, नीट विचार करणं माझ्या स्वभावात नाही. डिसेंबरातला एक रविवार ठरला.

आप्पांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच विझला. "वर जाऊ गाडीनं," ते म्हणाले. "खाली उतराया नको. खाली आपन चालत येऊ."

"एवढ्या छोट्या पोरीला घेऊन चालत? काहीतरीच काय आप्पा." मी तिकडे लक्षच दिलं नाही.

सकाळी बसने दिघ्यावरून ठाणं, तिथून कर्जतची गाडी, आणि नेरळ. नवऱ्याची शिफ्ट होती म्हणून आम्ही तिघंच. आप्पांनी धुतलेला सदरा घातला होता, दाढी दोनदा केली होती. छोट्या गाडीच्या फलाटावर त्यांना सगळे ओळखत. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक ब्रेकमन, आता त्याचेही केस पिकलेले, पुढे येऊन पाया पडला. "काका, आज पाशिंजर व्हय?" आप्पा ओशाळले. तिकीट हातात धरून ते डब्यात चढले तेव्हा डोकं वाकवायला विसरले आणि चौकटीवर आपटले. त्या दारातून ते कधी आत गेलेच नव्हते.

चढण छान झाली. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण नंतरचं तेवढंच लक्षात राहतं. डबा इतका लहान की समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागतात. बाहेर पिवळं पडलेलं गवत, सागाची मोठी वाळकी पानं, गाडी इतकी सावकाश की मुलीने हात बाहेर काढून गवताला हात लावला. वळणावर खिडकीतून आपलंच इंजिन दिसतं, ते बघून ती किंचाळली. मी आप्पांना म्हटलं, "ते बघा, नेरळ. केवढंसं दिसतंय." त्यांनी वाकून पाहिलं. खाली घरं, रेल्वेचे रूळ, पलीकडे नदीची रेघ, तिच्याही पलीकडे निळसर डोंगर.

"असं दिसतं व्हय?" ते म्हणाले.

मला आधी ती थट्टाच वाटली. एकतीस वर्षं रोज हा डोंगर चढउतार केलेला माणूस. पण ते खरंच बघत होते. ब्रेकमनची नजर चाकावर आणि कान शिट्टीकडे. दरीत काय आहे हे बघायची त्यांना सवड नव्हती, आणि सवड नसलेल्या गोष्टीची त्यांना इच्छाही झाली नव्हती. तासभर ते खिडकीला नाक लावून बसले. बसले! मी मनातल्या मनात नवऱ्याला शाबासकी दिली.

वर लाल मातीत मुलगी घोड्यावर बसली, आम्ही जेवलो, चिक्की घेतली. चार वाजायच्या सुमाराला खाली येणाऱ्या गाडीत बसलो. डबा भरलेला होता. समोर एक गुजराती कुटुंब, बाजूला नवं लग्न झालेली जोडी, सगळे खूश.

गाडी सुटली. पहिला उतार लागला, शिट्टी झाली, आणि आप्पांच्या हातांनी खिडकीची आडवी दांडी पकडली. दुसरी शिट्टी, हात सैल. मी बघितलं आणि हसले. माझी मुलगी हसली. समोरची मुलंही हसू लागली, "दादाजी गाडी चला रहे हैं." आप्पा हसले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम होता. डिसेंबरात, उघड्या खिडकीशेजारी. मी म्हटलं, "आप्पा, पाणी देऊ?" त्यांनी ऐकलंच नाही. त्यांचे डोळे डब्याच्या मागच्या बाजूला, जिथे ब्रेकमन उभा होता, तिथे लागलेले. प्रत्येक शिट्टीला त्यांचं अख्खं अंग आखडायचं. दांडी मुठीत पिळवटल्याने बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी हात सोडवायला गेले तर सुटेनात.

एका मोठ्या वळणावर शिट्टी झाली आणि गाडी वळली, मला तरी नेहमीसारखीच वाटली. आप्पा ताडकन उभे राहिले. छताला डोकं लागलं तरी त्यांना कळलं नाही. "आवळ!" ते ओरडले. "आवळ रे! काय करतोस! आवळ!"

समोरच्या बाईने मुलांना जवळ ओढलं आणि देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. कोणीतरी विचारलं, "ब्रेक फेल झाला काय?" नवी नवरी रडायला लागली. मी आप्पांना सदऱ्याला धरून खाली खेचत होते आणि सगळ्यांना सांगत होते की काही झालेलं नाही, यांची तब्येत बरी नाही, काही झालेलं नाही. मला त्यांचा संताप आला होता. लोकांसमोर माझ्या बापाने माझी शोभा केली, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझी मुलगी त्यांच्याकडे बघत होती आणि आता हसत नव्हती.

उतारावरच्या जुम्मापट्टी स्टेशनात गाडी थांबली तेव्हा आप्पा कोणाला न विचारता उतरले. फलाटाच्या कडेला गेले आणि ओकले. मग एका दगडावर बसले. मी मुलीला कडेवर घेऊन मागे गेले. मघाचा पिकल्या केसांचा ब्रेकमन पाण्याची बाटली घेऊन धावत आला. आप्पांनी त्याचा दंड धरला. "तुजी चूक नवती रे. तू बरोबर आवळलास. माजीच चूक." शिट्टी झाली आणि तो परत गेला.

"चला आप्पा, गाडी सुटेल," मी म्हटलं.

"तुमी जा. मी चालत येतो."

"अहो, पण झालं काय? भीती वाटली? तुम्हाला? ह्या गाडीची?"

त्यांनी तोंड पुसलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडीची नाय गं. नुसतं बसून खाली जायाचं, हातात काय नाय. कुनीतरी आवळनार, कुनीतरी सोडनार, आपन बघत बसायाचं. जीव वर आला माजा." उठून सदरा झटकला. "तुज्या घरात पन आसंच होतंय, बाय. रोज."

गाडी गेली. मी काही तिच्यात चढले नाही.

आम्ही चालत निघालो, आधी रुळाच्या कडेने, मग रस्त्याने. शंभरेक पावलं गेल्यावर आप्पांनी मुलीला खांद्यावर घेतलं. मघाशी ओकलेला, रक्तदाबवाला म्हातारा असा झपाझप उतरू लागला की मला त्यांच्या मागे पळावं लागलं. मुलीला ते दगड दाखवत होते, पाणी कुठून झिरपतं ते दाखवत होते. तिला पुन्हा हसू यायला लागलं. मी मागे धापा टाकत होते आणि डोक्यात एकच, की आता काय करायचं. परत नेलं तर हा माणूस खुर्चीत हात उताणे टाकून संपणार. इथे ठेवला तर विहिरीपाशी संपणार. आणि मी आईला हो म्हटलं होतं.

उजेड होता तोवर नेरळला पोचलो. आप्पा स्टेशनकडे न वळता सरळ घराकडे गेले. किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होती. दार उघडलं, खिडक्या उघडल्या, केरसुणी घेतली. बंद घराचा वास बाहेर आला. मी उंबऱ्यात उभी.

"आप्पा, उद्या ऑफिस आहे मला. चला, गाडी मिळेल आता."

त्यांनी केरसुणी टेकवली. "बाय, तुला वाटतं तू नेलंस म्हून मी आलो? तुज्या आयशीनं माज्याकडनं बी शब्द घेतला व्हता. पोरीकडं ऱ्हावा म्हनाली. म्हून आलो." मग म्हणाले, "मी माज्या तोंडानं नाय सांगनार, जातो म्हून. तू सांग. तू सांगितलंस तर ऱ्हातो हितं."

मला हे माहीतच नव्हतं. आईने आम्हा दोघांना एकमेकांशी बांधलं होतं आणि एकाचं दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. तिचाही राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो, आणि तो कुठे काढायचा ते कळत नाही. मुलगी माझा पदर ओढत होती. तिला भूक लागली होती.

"राहा आप्पा," मी म्हटलं. "राहा इथंच."

"बरं," ते म्हणाले, आणि लगेच बादली घेऊन मागच्या दाराने विहिरीकडे गेले. मी उभीच. मला वाटत होतं की ते वळतील, 'तुला चालेल ना' असं काहीतरी विचारतील. पोहऱ्याचा आवाज आला. मी मुलीला घेऊन निघाले. परतीच्या प्रवासात आधी मला इतकं हलकं वाटलं की मी मुलीबरोबर गाणी म्हटली. ठाण्याला बसच्या रांगेत उभी असताना रडू आलं.

पुढच्या रविवारी त्यांची पत्र्याची पेटी मीच पोचवली. मग मी महिन्यातले दोन रविवार तरी जायची. ते रोज सकाळी चालत जुम्मापट्टीपर्यंत जात आणि परत येत. शेजारच्या चार घरांचे हापसे, कड्या, बिजागऱ्या त्यांच्या ताब्यात होत्या. चक्कर येते का विचारलं की "नाय" म्हणत. खरं की खोटं देव जाणे. मुलीच्या शाळेला सुट्टी लागली की ती त्यांच्याकडेच असे.

असं तीन वर्षं. मग एका दुपारी ऑफिसात शेजारणीचा फोन आला. विहिरीपाशीच पडले होते. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दहाव्याला जमलेले नातेवाईक माझ्याकडे बघून आपसांत बोलत होते. एक काका तर तोंडावर म्हणाले, "दोन खोल्यांचा फ्लॅट होता ना गं तुझा? बापाला जागा नव्हती?" माझी त्या बाबतीत खात्री होती आणि आजही आहे. पुन्हा वेळ आली तर पुन्हा राहा म्हणेन.

मला टोचतं ते दुसरंच. त्या तीन वर्षांत, एका सणाला नाही, एका आजारपणात नाही, एकदाही आप्पांनी 'दोन दिवस येतो तुझ्याकडे' असं म्हटलं नाही. हे मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.